माळवदावरची चिवळ

अक्का, उद्या सकाळी पांढऱ्या मातीच्या दोन गाड्या दारात येणार आहेत. तुमचं तेरावं आज झालं. पंगती उठल्या, पाहुणे गाडीच्या वेळेला चुडाव्याच्या स्टेशनावर गेले, तुमची लेक सुभद्रा रडून रडून भिंतीला टेकून बसली आहे, आणि मी माझ्या थोरल्या लेकाच्या वहीच्या मागल्या पानांवर तुमाला लिहायला घेतलंय. तुमाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एवढा धीर होतोय. लिहायला बसलं की माझ्या हातून शाळेतलं आहे-नाही उमटतं. तुमी असत्या तर म्हणाल्या असत्या, "लय शिकलेली हाईस गं कौसे, आदी ती भाकर उलथ, करपायलीय."

मला भीती वाटते. भीती वाटली की तुमाला सांगायचं, धाकटी जाऊ म्हणून ह्या घरात मला एवढंच नीट जमत होतं. आता तुमचीच गोष्ट सांगायची आहे, तर जाऊ कुणाकडं?

तुमी कशा गेल्या ते गावाला माहीत आहे. वळवाचा पाऊस आला, उगवतीच्या कोपऱ्यातल्या खणाची तुळई मोडली आणि वरचं मातीचं माळवद तुमच्या अंगावर बसलं. का बसलं, ते मात्र गावाला चुकीचं माहीत आहे. मातीला आलेली सगळी माणसं एकच बोलली, की माळवदावर चिवळ वाढवली होती, तिच्या मुळ्यांनी पाणी आत ओढलं, लाकूड कुजलं. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. तिथंच ठरलं की तेरावं झाल्यावर उरलेल्या चार खणांवरची चिवळ खरडून काढायची आणि दोन गाड्या पांढरी अंथरून माळवद पक्कं करायचं. त्या चार खणांखाली माझी दोन लेकरं निजतात, अक्का.

चिवळीनं काही केलेलं नाही. केलंय ते मी. उद्या गाड्या रित्या व्हायच्या आत हे भाऊजींना सांगितलं तर माती वर चढणार नाही. न सांगितलं तर चढेल, आणि आज ना उद्या दुसरी तुळई मोडेल. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमची बायको माझ्यामुळं मेली, असं. थोरल्या दिरापुढं बोलायचं नसतं म्हणून मी दहा वर्षांत त्या माणसाशी एक शब्द बोललेली नाही. जेवायला बोलवायचं तरी मी चुलीकडं तोंड करून म्हणायची, "ताट वाढलंय म्हणावं." आणि तुमी माझं बोलणं घेऊन बाहेर जायच्या. आता कोण नेईल?

माझ्या भित्रेपणाला तुमी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. मी पूर्ण्याची, बाप रेल्वेत, डोक्यावर कायम कौलं. तुमच्या घरी आले आणि जेवताना वरून मातीचा बारीक भुगा ताटात पडला. मी ताट टाकून अंगणात पळाले. घर हसलं, सगळ्यांत मोठ्यानं तुमी हसल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "भ्याली व्हय? माती हाय ती, वाघ न्हाई. चल, वर कसं असतंय ते दावते." आणि नव्या नवरीला भरदिवसा शिडीवर चढवलं. समोरच्या घरातल्या म्हातारीनं त्यावरून महिनाभर तोंडसुख घेतलं.

वर सगळी माळवदं बोडकी, पांढरीफटक. आपल्या एका खणावर तेवढं हिरवं-लालसर, गोधडीचा तुकडा टाकल्यासारखं. भाजी निसून तुमी काड्या वर फेकल्या होत्या, त्यातून आपोआप लागलेली चिवळ. मुगाच्या डाळीएवढी जाड पानं, मातीला चिकटून सरपटणाऱ्या तांबड्या काड्या, पेरापेराला मूळ. तुमी ती टाचेनं दाबून दाखवली. "बघ, हिला काय लागत न्हाई. ऊन खाती अन् जगती."

पुढलंच साल निजामी जायच्या आधीचं, गडबडीचं. निम्मं गाव उठून गेलेलं, उरलेल्यांच्या जिवात जीव नाही. गाडी जुंपून जुन्या गावठाणावर पांढरी आणायला जायची कुणाची छाती होत नव्हती. एरवी मिरगाच्या आधी दर साली माळवदावर एक थर पडायचाच. गळत असलं तरी टाका, नसलं तरी टाका. आज्यानं टाकलेली माती नातवानं कधी खाली उतरवली, असं आपल्याकडं घडलेलं नाही. त्या साली एका घरावर एक पाटी पडली नाही. मी पावसाळाभर पातेली हाताशी ठेवून बसले. सगळीकडं गळालं, चिवळ होती तो खण तेवढा कोरडा राहिला.

दुसऱ्या साली शेजारच्यांनी राहिलेला थर भरून काढायचा म्हणून दुप्पट माती टाकली. श्रावणात त्यांचा गोठा बसला, खाली बैल मेला. तुमी ते बघून आल्या, पाय धुतले आणि उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "घर पाण्यानं न्हाई पडत गं कौसे, वझ्यानं पडतंय. लाकडाला तोंड न्हाई म्हणून बोंबलंना ते." त्या दिवसापासून आपल्या माळवदावर नवी माती बंद. भाऊजींचंही तुमी ऐकलं नाही. पाचही खणांवर चिवळ लावली.

मला वाटायचं, रानभाजीचं काय करायचं असतं. तुमी एकेक शिकवलं. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा डाळ धुतलेलं पाणी, तेही दिवस कलल्यावर, हातानं शिंपडून; तांब्या उपडा केला की कुजलीच समजायची. "तहानलेली बरी, बुडालेली न्हाई बरी." राखेचं पाणी वर न्यायचं नाही. गवताचं पातं दोन बोटं व्हायच्या आत उपटायचं, कारण घात करते ती गवताची खोल मुळी, चिवळीची नाही. भाजीला शेंडे खुडायचे, मूळ हलवायचं नाही. पन्हाळीच्या तोंडाशी वाढली की मागं सारायची, नाहीतर पाणी तुंबतं. उन्हं वर आली की बारीक पिवळी फुलं उघडायची आणि तुमी खालूनच म्हणायच्या, "फुलली असंल बघ, आता ह्यांना न्याहारी द्यायला पायजे." ज्वारीची भाकर आणि डाळ घातलेली चिवळ किती खाल्ली असेल ह्या घरानं, त्याला गणती नाही. त्या आंबूस भाजीवर माझी दोन्ही लेकरं वाढली. ह्याचे उपकार तुमच्या तोंडावर मी कधी बोलले नाही.

बोलले ते भांडणच. ज्येष्ठ लागला की आपलं सुरू. सगळ्या गावाच्या गाड्या पांढरीवर जायच्या आणि मी दारातून त्या मोजत राहायची. मी म्हणायची, "अक्का, अख्खं गाव येडं अन् आपणच शाणे का?" तुमी म्हणायच्या, "गावाला म्हणावं या की, आमचं गळतंय का बघायला." मी म्हणायची, लेकरं आहेत खाली. तुमी म्हणायच्या, "लेकरांसाठीच करायलेय की." आणि मग तुमी कामाला लागायच्या. माझं समाधान होत नव्हतं. तुमचं बरोबर आहे हे मला कळायचं, पण भीती काय कळण्यावर थांबते का?

चार वर्षांमागं धाकटीच्या गालावर वरून पाण्याचा थेंब पडला. एकच थेंब. उगवतीचा कोपरा तेव्हा माझा, अंथरूण माझं, लेकरू माझं. माझी झोप गेली. पुढल्या ज्येष्ठात तुमी सुभद्रेकडं वालूरला आठ दिवस गेल्या, आमचे हे पूर्ण्याला रेल्वेच्या ड्युटीवर, भाऊजी रानात. शेजारच्यांची पांढरी बाहेर पडलेली होती. मी मागून घेतली, पदर खोचला आणि कोपऱ्यातल्या खणावर तीन पाट्या नेऊन पसरल्या, तुमच्या चिवळीवरच. काम झाल्यावर असं गार वाटलं की काय सांगू. पुढल्या साली तुमी वालूरला गेल्या तेव्हा पाच पाट्या. गेल्या साली मोजल्याच नाहीत.

तुमी परत आल्यावर मी तुमच्या तोंडाकडं बघत राहायची. तुमी वर जायच्या, खाली यायच्या, एक शब्द नाही. महिन्या-दीड महिन्यात तो खण पुन्हा हिरवा. मी मनात म्हणायची, बरं झालं बाई, निलाजरी चिवळ आपली आपण वर आली, अक्कांना पत्ता लागला नाही.

यंदा चैतात तुमी तुळईला कान लावला आणि ह्यांना म्हणाल्या, "करकरायलीय. टेकू लागतोय." ह्यांनी पूर्ण्याहून रेल्वेचं जुनं लाकूड आणलं. सुतार लग्नसराईत अडकला, आज येतो उद्या येतो करत राहिला, लाकूड अंगणात पडून राहिलं. आणि तुमी माझं अंथरूण उचलून दुसऱ्या टोकाला टाकलं. "लेकरं घिऊन तिकडं निज. मला हितं गार लागतंय." मी फुगले, अक्का. दहा वर्षांची माझी जागा घेतली म्हणून दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही.

त्या दुपारी तुमी जेवून कोपऱ्यात पडल्या होत्या. मी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. आभाळ एकदम काळं झालं, वारं सुटलं, मी लेकरांना हाक मारून बाजेवरच्या कुरडया गोळा करायला लागले. तुमाला उठवावं असं मनात आलं होतं. म्हटलं पडू द्या, पहाटेपासून राबलीय बाई. पाऊस घटकाभरसुद्धा झाला नाही. मग आवाज आला. मी आत पळाले तर घरात धूळच धूळ, आणि कोपऱ्यात उजेड. घरात नको तिथं उजेड दिसला की काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. हातांनी माती उकरली. ती माझीच माती होती, वरची, भुसभुशीत. हाताला ओळखू आली.

काल इथवर लिहिलं आणि सुभद्रेनं हाक मारली, वही तशीच मिटली. आता दुसऱ्या दिवसाची दुपार आहे. जे झालं ते सांगते.

गाड्या सकाळीच आल्या. भाऊजी, हे, आणि गावातले दोघं. एकजण खुरपं घेऊन शिडीवर निम्मा चढला होता. मी दारातून बघत होते. वाटलं, आज राहू द्या, माती टाकून होऊ द्या, मग सवडीनं ह्यांना सांगू. माझी नेहमीची अक्कल. तेवढ्यात धाकटी आतून बाहुली घेऊन आली आणि मधल्या खणाखाली जाऊन बसली. मी चालत गेले आणि शिडी धरली.

"भाऊजी, माती वर निऊ नका."

माझाच आवाज मला परका वाटला. भाऊजी तर मागं बघायला लागले, कोण बोललं म्हणून. हे म्हणाले, "कौसल्या, आत हो." मी आत झाले नाही. शिडीच्या पायरीकडं बघत सगळं सांगून टाकलं. "चिवळीनं न्हाई पडलं. त्या खणावर म्या माती टाकलीय. तीन साल. अक्का वालूरला गेल्या की टाकत होते. तुळई त्या वझ्यानं मोडली. आता ही बी टाकली तर हे बी मोडंल."

शिडीवरचा माणूस खाली उतरला. हे तिथंच ओट्यावर बसले, डोकं धरून. सुभद्रा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली. ती मला काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. भाऊजी बैलांपाशी गेले, त्यांची वेसण धरली. मग गाडीवानाला म्हणाले, "गाडी म्हागं घे." तो म्हणाला, "आन् माती?" भाऊजी म्हणाले, "जितली आणली तितली वापस ने. वरची बी उतरवायचीय आमाला."

सकाळभर तेच चाललं. चिवळीच्या लाद्या खालच्या मातीसकट काढून चिंचेखाली सावलीत ठेवल्या, जुन्या मातीचा वीतभर थर चारही खणांवरून खाली आला, मग चिवळ परत बसवली. भाऊजी स्वतः शिंपडत होते, हातानं. मला कुणी काम सांगितलं नाही, कुणी नको म्हणालं नाही. मी पाटी घेतली आणि पडलेल्या कोपऱ्याकडं गेले.

तिथं भिंतीलगत माळवदाचा हातभर पट्टा अजून टिकून आहे. मी शिडी लावून चढले, तो पाडायला. कापलेल्या भाकरीसारखी त्याची कड दिसत होती. खाली जुनी, काळवंडलेली माती, आणि तिच्यावर माझे तीन थर, पांढरेधोट. आणि प्रत्येक थराच्या माथ्यावर वाळूचे ठिपके होते. चिमूटभर वाळू, मग वीतभर मोकळं, मग पुन्हा चिमूटभर वाळू.

ती वाळू पूर्णा नदीची, चिवळीसाठी तुमी मडक्यात भरून ठेवायच्या ती. चिवळीची कांडी लावायची तर ती एक दिवस सावलीत सुकवायची, खड्ड्यात चिमूटभर वाळू घालायची म्हणजे बुड कुजत नाही, आणि वीतभर अंतर सोडून दुसरी. असं ह्या घरात तुमीच लावायच्या. आपोआप उगवलेल्या चिवळीखाली वाळू नसते, अक्का.

तीन थर, तिन्हींवर तुमच्या बोटांची वाळू. म्हणजे पहिल्याच साली तुमाला कळलं होतं. वालूरहून आल्या, वर गेल्या, माझी माती बघितली, आणि मला बोलण्याऐवजी तिच्यावर चिवळ लावून खाली आल्या. दुसऱ्या साली पुन्हा. तिसऱ्या साली पुन्हा. माझी भीती झाकली जावी, मला ओशाळं वाटू नये, आणि चिवळ सगळं धरून ठेवील, असं तुमाला वाटलं असणार. आणि चैतात लाकूड करकरलं तेव्हा लेकरांना हलवून स्वतः तिथं निजल्या, सुतार येईपर्यंत.

मी शिडीवर बसून तुमाला शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू. एक डाव माझ्या कानाखाली ठेवून द्यायची होती. "कौसे, उतरव ती माती," एवढंच म्हणायचं होतं. मी रडले असते, फुगले असते, आणि उतरवली असती. वझ्यानं घर पडतं हे अख्ख्या गावात तुमाला एकटीला कळलं, आणि माझ्या पाट्यांपुढं तुमी ते विसरल्या? तुमी चुकल्या, अक्का. माझ्याइतक्याच चुकल्या. ह्या भांडणात तरी माझं खरं आहे, आणि तुमी नाहीत.

खाली पावलं वाजली. भाऊजी येऊन उभे राहिले, मान वर न करता. आजवर त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"तिला ठाव हुतं का?"

माझ्या हाताखाली तो पट्टा होता. दाखवला असता तर त्यांनी ओळखलं असतं. ती वाळू नदीवरून तेच आणून द्यायचे. पण मग त्यांनी जन्मभर काय करायचं? तुमाला माहीत होतं, तरी तुमी त्या खणाखाली निजल्या, आणि पलीकडं ते स्वतः निवांत घोरत होते, हे डोक्यात घेऊन त्या माणसानं ह्या घरात कसं राहायचं? मी पट्ट्यावर कुदळ घातली. माती खाली गेली, तिच्यात वाळू मिसळून गेली.

"न्हाई," मी म्हणाले. "त्यास्नी काय सुदीक ठाव नव्हतं."

अक्का, माझा आवाज कापला नाही.